दहा-अकराचा पान्हा

नाही नाही, तिथे नका उभे राहू दादा — ती तिची लाथेची बाजू. इकडे या, खांबाच्या ह्या अंगाला. हां, आता बघा निवांत. तुम्ही गाय न्यायला आलात, लेकीनं फोनवर सगळं बोलून ठेवलंय, मी कुठं नाही म्हणतेय — पण नेण्याआधी माणसानं विचारावं ना, की बाई, हिची खोड काय? विचारलंत? नाही विचारलंत. सगळे दात बघतात, शिंगं बघतात, कास दाबून बघतात, कितव्या वेताची ते विचारतात, खोड कुणी विचारत नाही. मग मीच सांगते. ही पान्हा चोरते. — हसताय. हसा. तुमचा जन्म गाईंत गेलाय, हातांवरून दिसतंयच मला. पण ही साधी चोरत नाही. कास भरलेली असते, वासरू पाजून बाजूला बांधलेलं असतं, पेंड पुढ्यात असते, आणि ही आपली तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभी. हात भरून येतील तुमचे, थेंब नाही सोडायची. हिला आवाज लागतो. आमच्या ह्यांचा. आणि हे तर गेले, आता आवाज आणणार कुठून तुम्ही?

बसा की. ती बादली पालथी घाला आणि बसा. धारेची वेळ व्हायची आहे अजून, ऊन समोरच्या पत्र्यावरून उतरलं की ती स्वतःच हंबरते. तोवर सांगते. तो खिळा दिसतोय? त्याला काय टांगलंय? पान्हा. नट आवळायचा, दहा-अकराचा. गोठ्यात पान्हा कशाला, असंच आलं ना मनात? येणारच. त्याचं असं झालं — आम्ही एकदा दूध काढायचं मशीन आणलं होतं. हौस, दुसरं काय. चार दिवस चाललं आणि बसलं. मेकॅनिक आला. तो इथं जमिनीवर उताणा, डोकं मशीनखाली, आणि हे पलीकडे हिच्या कासेखाली, हातानं धार काढायच्या खटपटीत — मशीन बंद पडलं म्हणून गाई थोड्याच थांबतात. तर मेकॅनिक खालून ओरडला, "अहो, पान्हा द्या जरा." आणि आमचे हे तिकडून, अगदी गंभीर आवाजात, "तुम्हालाही पाहिजे? मग रांगेत या. मी मघापासून मागतोय, मलाच देत नाही बया." तो मेकॅनिक असा हसला, असा हसला, की उठताना डोकं आपटलं मशीनवर, टेंगूळ घेऊन गेला, आणि पान्हा इथंच विसरला. ह्यांनी कुठला परत करायला! खिळा ठोकला, टांगला. तेव्हापासून रोज दोन्ही वेळेला तेच — आधी एक खोकला, घसा साफ केल्यासारखा, मग खिळ्यावरचा पान्हा काढून बादलीच्या काठावर टण्‌कन वाजवायचा, आणि मग — "बाईसाहेब, पान्हा सोडताय, की दहा-अकराचा आणू?" की ही सुटलीच. डोळे अर्धे मिटायची आणि चारी सडांतून धार. तिचं नाव बाईसाहेब. ह्यांनीच ठेवलेलं.

सगळ्या गाईंची नावं ह्यांचीच. पूर्वी गोठा भरलेला असायचा हो, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आता एवढीच उरली. एकीचं नाव तर आत्याबाई ठेवलेलं, माझ्या सख्ख्या आत्यावरून, कारण काय तर चालताना दोघींकडे सारखंच बघत राहावंसं वाटतं म्हणे. आणि एकदा आत्या खरंच आली राहायला. मी जीव मुठीत धरून. म्हटलं, अहो, आत्या आहे तोवर तरी त्या गाईला दुसरं काहीतरी म्हणा. हो म्हणाले. शपथ घेतली. आणि सकाळी आत्या ओट्यावर चहा पितेय आणि गोठ्यातून आवाज — "आत्याबाई, सरका, शेणात पाय पडेल." आत्या सरकली, दादा. कप घेऊन सरकली. आणि मग परत, "आत्याबाई, शेपूट आवरा." — काय सांगू तुम्हाला. आत्या दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन त्या गाईला भाकरी घालून आली आणि म्हणाली, जावई वाह्यात आहे पण गाय गुणाची आहे.

वाह्यातच होते. दूध-केंद्रावर रांगेत उभे राहून असे हंबरायचे, की आतला माणूस मोजमाप सोडून बाहेर यायचा, गाय कुणी आणली म्हणून. आणि घरात? घरात कामाचं नाव काढू नका. आमचा स्वयंपाकघरातला नळ गळतो. लग्न होऊन आले तेव्हा गळत होता, अजून गळतो. म्हटलं, अहो, तो पान्हा आहे ना गोठ्यात, दोन वेढे आवळा की त्या नळाला. तर म्हणे, तो पान्हा सोडवायचा पान्हा आहे, बंद करायला चालत नाही. मी चिडायचे. खरं सांगते, खूप चिडायचे. दिवसभर राबायचं आणि घरात कुठल्या गोष्टीला सरळ उत्तर नाही. पण लेकीचा बाप म्हणून बोट ठेवायला जागा नाही हं. तिला शाळेत पोचवायचे दुधाच्या गाडीवरून, कॅनच्या मधोमध बसवून, आणि फाटकात ओरडायचे, "आजचं दूध आलं, हे उकळून घ्या, नासलं तर परत घेणार नाही." पोरगी लाजून मरायची आणि दुसऱ्या दिवशी परत कॅनच्या मधोमध बसायची.

तर असा आवाजाचा माणूस. आणि गाठ कुठं आली? घशात. — हो. तीच. आधी आवाज बसला, तर ह्यांनी त्याचीही थट्टा केली, आता मी मोठा माणूस झालो, मोठी माणसं हळूच बोलतात. मग रक्त आलं. मग डॉक्टर म्हणाले, माणूस पाहिजे असेल तर आवाज काढावा लागेल. असंच म्हणाले, एखादी जुनी खिडकी काढायची असावी तसं. मी म्हटलं, माणूस पाहिजे. बाकीच्या गाई त्याच वेळी गेल्या, इकडे बघायला कोण होतं, हीच तेवढी ठेवली, गाभण होती म्हणून. ऑपरेशन झालं. इथं, गळ्याला खाली, भोक. श्वास तिथून. नाकातोंडाचा काही संबंध उरला नाही. आणि पहिल्यांदा शुद्धीवर आले ना, तेव्हा तोंड उघडलं, काहीतरी बोलायला गेले, नक्कीच काहीतरी वाह्यात असणार, मला ओठांवरून दिसत होतं — आणि नुसती हवा. त्या भोकातून फुस्स. मी तेव्हाच ओळखलं, की माणूस अर्धाच मिळाला आपल्याला.

घरी आले, जरा उभे राहायला लागले, तसे गोठ्यात गेले. ही तोवर व्यालेली, दूध सगळं वासरूच प्यायचं. मी म्हटलं नको, ऐकतात कुठं. बसले कासेखाली. पान्हा वाजवला टण्‌कन. तोंड उघडलं. काही नाही. आणि त्या भोकातून श्वासाची शिट्टी — सूं, सूं. हिनं मान वळवून बघितलं. मी इथंच उभी होते, ह्या खांबाला धरून. हिनं बघितलं आणि ओळखलं नाही, दादा. ज्यानं हिला जन्मल्यापासून हातावर वाढवलं त्याला ओळखलं नाही. लाथ घातली, बादली उडाली, कास धुवायला घेतलेलं पाणी सगळं ह्यांच्या मांडीवर. आणि हे तसेच बसून राहिले, खांदे गदगदा हलतायत. मला कळेना, हसतायत की रडतायत. आवाज गेलेल्या माणसाचं हसणं आणि रडणं सारखंच दिसतं हो. मी जाऊन तोंड बघितलं तेव्हा कळलं. — ते सांगत नाही मी.

मग मी म्हटलं. कसं सुचलं देवाला ठाऊक. ह्यांच्या मागे उभी राहिले आणि म्हटलं, "बाईसाहेब, पान्हा सोडताय..." — माझ्याच आवाजात, घाबरत घाबरत. गाय हलली नाही. पण ह्यांनी वर बघितलं. आणि डोळे असे चमकले, तो जुना वाह्यातपणा, मला वाटलं गेला तो, तर नव्हता गेला. बोटानं खूण केली, असं नाही. गळ्यावर हात ठेवला, खोकून दाखवलं — म्हणजे खोकल्याचा नुसता अभिनय — आधी खोकला. मी खोकले. मान हलवली, अजून खालून. मग हातानं दाखवलं, 'बाईसाहेब' लांबव, 'पान्हा' आपट. असं कितीतरी दिवस चाललं. आपला आवाज आपल्या बायकोला शिकवायचा, तोंडानं एक अक्षर न बोलता. मी चुकले की कपाळाला हात लावायचे, जमलं की पान्हा बादलीवर वाजवायचे, शाबासकी. मी आयुष्यभर ह्या माणसाचं बोलणं ऐकून ऐकून वैतागलेली, पण ऐकलेलं होतं म्हणून तर आलं ना. एक दिवस माझ्या घशातून असा आवाज निघाला, की मीच दचकले. आणि ही — धार. चारी सडांतून. हात ह्यांचे, आवाज माझा, आणि बाईसाहेबांचे डोळे अर्धे मिटलेले. हे मान टेकवून बसले हिच्या पोटाला. किती वेळ.

लेक तेव्हा नोकरीच्या गावी. ती न सांगता आली एकदा, बापाला बघायला. फाटकात आली आणि गोठ्यातून ऐकलं, "बाईसाहेब, पान्हा सोडताय, की दहा-अकराचा आणू?" बॅग चिखलात टाकली तिनं. धावत आली, "बाबा, बाबा," करत, आता इथं, तुम्ही बसलात तिथं येऊन थांबली. बाप बसलेला, तोंड मिटलेलं, आणि मागे आई, आईच्या तोंडातून बापाचा आवाज. तिचा चेहरा — तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. पोरीला वाटलं होतं, परत आला आवाज. आणि मग ह्यांनी काय केलं माहितेय? तिचं तोंड बघितलं आणि पटकन ओठ हलवायला लागले. कळलं का? मी मागून बोलतेय आणि हे पुढे तोंड हलवतायत, डोळे मोठे करून, मान डोलवून, जत्रेतल्या बाहुल्यासारखे. आणि मला मागे कोपर मारतायत, बोल, बोल. मी बोलले. काय वाटेल ते बोलले, "अगं, तुझ्या आईनं माझा आवाज चोरला, पोलिसात जा." लेक हसली. रडत रडत हसली, खाली बसली शेणात आणि हसली. नंतर कुणी बघायला आलं की आमचा तो खेळच झाला. माणसं तोंड पाडून यायची आणि पोट धरून जायची. त्यांना निरोप देऊन आत आलं की हे पलंगावर पडायचे, भिंतीकडे तोंड करून. मला जवळ येऊ द्यायचे नाहीत. खेळ संपल्यावर फार दमायचे.

गाठ परत आली. येतेच म्हणे. मग हातही गेले — गेले म्हणजे उचलेनात. मग धार माझी, आवाजही माझा. हे आतल्या खोलीत. त्या खिडकीतून गोठ्यातलं सगळं ऐकू जातं. पान्हा त्यांच्याकडे दिला होता उशाशी, काही लागलं की पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवायचे. पाणी पाहिजे, टण. कूस बदलायची, टण. आणि काही नको असताना उगाच मला पळवायचं, तरी टण, आणि मी धावत गेले की डोळे मिचकावायचे. शेवटपर्यंत हो. आणि धारेच्या वेळी मी इथून त्यांचं वाक्य म्हटलं, की तिकडून दांडीवर टण. रोज. म्हणजे बादलीवरचा टणत्कार पण तेच करायचे, लांबून. मी इथून म्हणायची, "पान्हा सोडताय, की" — आणि थांबायची, आणि तिकडून टण, आणि मग पुढचं. गंमत वाटायची. माणूस मरायला टेकलाय आणि आम्हाला गंमत वाटायची. लेक रजा घेऊन त्यांच्या उशाशी बसलेली असायची, ती म्हणायची, तुम्ही दोघं वेडे आहात.

एका सकाळी मी म्हटलं, "पान्हा सोडताय, की" — आणि थांबले. काही नाही. परत म्हटलं. ही मान वळवून बघायला लागली. तिसऱ्यांदा म्हटलं, मोठ्यानं, आणि मग पुढचं आपणच म्हणून टाकलं. हिनं धार सोडली. आणि मी काढत राहिले. तुम्हाला माहितेय ना, मध्येच सोडलं तर कास सुजते, सोडता येत नाही. पण म्हणून नाही हो. मी काढत होते आणि बोलत होते, त्यांच्या आवाजात, जे येईल ते — बाईसाहेब हे, बाईसाहेब ते, आत्याबाई सरका, आजचं दूध आलं — कारण मी बोलतेय तोवर ते आहेत. थांबले की नाहीत. लेक दारात येऊन उभी राहिली, मला तिची सावली दिसली, मी मान वर केली नाही. तिनंही हाक मारली नाही. शेवटचा थेंब निघेपर्यंत उभी राहिली पोर. मग मी बादली उचलली, बाजूला ठेवली, हात धुतले आणि आत गेले. पान्हा त्यांच्या मुठीतच होता. मूठ लेकीनं सोडवली, मला नाही जमलं.

तर सांगायचा मुद्दा हा, की हिला आवाज लागतो. तेव्हापासून रोज, दोन्ही वेळेला, मीच. लेकीला ते सहन होत नाही. ती आता इकडेच बदली घेऊन आलीय, माझ्यासाठीच, पण धारेच्या वेळी ती अंगणातसुद्धा थांबत नाही, कानाला काहीतरी लावून लांब जाऊन बसते. म्हणाली, आई, गाय विकू. मी म्हटलं, अगं, विकली तर ती पान्हा कुणाकडे सोडेल? मरेल ती, कास फुटून मरेल. हेच तिला सांगितलं, शेजारच्यांना सांगितलं, आता तुम्हाला सांगतेय. न्यायची असेल तर आवाज शिकावा लागेल. तो एका दिवसात येत नाही. मला किती दिवस लागले, आणि मी तर बायको. तुम्हाला जमणार नाही, दादा. राग मानू नका. तुम्ही परत जा आणि लेकीला सांगा, की गाय चालत नाही. — तसं नाही, मी काही तिला अडवत नाही. तिचा जीव तुटतो माझ्यासाठी. ती म्हणते, तू गोठ्यात फार वेळ असतेस. एका गाईच्या धारेला किती वेळ लागतो, आई? असं विचारते.

आता धारेला वेळ लागतोच. वाक्य म्हणायचं, मग ही जरा स्थिर व्हायला पाहिजे, मग — मग हे बोलतात थोडं. म्हणजे मी. म्हणजे त्या आवाजात. "काय गं, जेवलीस का?" असं विचारतात. मी म्हणते, जेवले. "काय जेवलीस? शिळंच ना?" मी म्हणते, असं कसं कळतं हो तुम्हाला? "तोंडावरून. आणि नळ अजून गळतोय का?" मी म्हणते, गळतोय. "गळू दे. तेवढाच घरात कुणीतरी बोलतोय." — असं. असं काहीबाही. तुम्ही असे काय बघताय? वेड लागलेलं नाही मला. मला ठाऊक आहे दोन्हीकडून मीच बोलते. पण असं आहे, की जेवलीस का म्हणून दुसरं कुणी विचारत नाही. लेक विचारते, नाही असं नाही, पण ती डबा उघडून बघते आणि विचारते, ते निराळं. माझा आवाज आता दिवसभर लागतही नाही कशाला. कधी कधी वाटतं, त्या दिवशी मी गेले आणि हेच राहिले. आणि तसं असतं तरी चाललं असतं मला.

तर गाय अशी आहे. मागे मला ताप आला होता, उठताच येईना, चार वेळच्या धारा लेकीनंच काढल्या, ती शहरात राहून आलेली, हातात सवय नाही, ती कसलं वाक्य म्हणतेय, तोंड घट्ट मिटून बसली आणि काढलं आपलं, बादली भरून आणली, मला खाटेवर दाखवली, म्हणाली, आई, ही बघ, हिनं मला काहीसुद्धा —

नाही. म्हणजे — तो एक दिवस. चार वेळा म्हणजे तापात काय मोजणार मी. तिनं पेंड जास्त घातली असेल. वासरू पुढ्यात धरलं असेल. तसं होतं कधीकधी. त्यावरून काही —

उठलात का? बसा ना. बसा हो, अजून ऊन उतरलेलं — उतरलं. हंबरली. बरं. बघायचंय तुम्हाला? बघा की. ही बादली घ्या. नाही, ही नको, ती बाजूची. बसा इकडच्या अंगानं. हात फिरवा आधी, अंगठा बाहेर ठेवा, हिला अंगठा आत घेतलेला — तुम्हाला येतंय सगळं. काय सांगायचं मी. मी काही बोलत नाही आता. बघा, बघतेय भिंतीकडे, सांगितलं होतं ना. आता तुम्ही किती का ओढा, ती —

— 

धार पडतेय.

चांगली जाड पडतेय. चारी सडांना आहे? हं. डोळे मिटलेत तिनं. बघा, अर्धे मिटलेत. तसेच मिटायची ती. मला वाटलं, ते फक्त — असू दे. किती झालं? काठापर्यंत? फेस बसू द्या जरा. नाही दादा, मी ठीक आहे, धूर गेला डोळ्यात. — नाही, धूर कुठे, बरोबर आहे तुमचं. मला माहीत होतं. तो ताप उतरला त्या दिवशीच माहीत होतं मला. मी बरी होऊन परत गोठ्यात आले आणि परत वाक्य म्हटलं, आणि लेक अंगणात उभी होती, तिनं ऐकलं. आत गेली, आणि मग तुम्हाला फोन लावला. माझं पितळ उघडं पाडायला नाही हो. आईला परत आणायला. तिला वाटतं अजून आणता येईल.

न्या. दावं सोडा ते तिकडचं, ते सुटत नाही लवकर, ओलं आहे. वासरू आधी पुढे घ्या, मग ही आपोआप येईल. दूध? दूध राहू द्या, लेकीसाठी ठेवते. पाणी पाजा वाटेत, बादलीतून नाही पिणार, टाकीच पाहिजे तिला. पायाला तेल लावत जा थंडीत. आणि — काही नाही. चला.

का थांबली? हां, फाटकात अडते ती. आयुष्यात ह्या फाटकाबाहेर एकटी कधी गेली नाही, हे पुढे असायचे. ओढू नका, मान दुखेल तिची. थांबा. मी हाक मारते. त्यांच्याच आवाजात मारावी लागेल, एवढं शेवटचं तर करू द्या मला. खोकला आधी. — बाईसाहेब — नाही, हे नाही. वरून निघाला. परत. — बाई — थांबा हं, दादा, घसा कोरडा पडलाय. सकाळी आला होता, आज सकाळी पण आला होता. — बाईसाहेब, पान्हा —

येत नाही.

येत नाही हो. शोधते तर कुठंच नाही.

जा गं. जा बाई. पुढे तुझं लेकरू आहे बघ, त्याच्या मागे जा.

— 

गेली की. माझ्याच आवाजाला गेली.

काय म्हणताय? पान्हा? नाही, तो नाही द्यायचा. तो खिळ्यावरचा राहू दे, घरातला नळ गळतोय. फाटक ओढून घ्या जाताना.